ऑर्गनच्या पोटात

हे गेल्यानंतर महिन्याभरानं मी यांचे कपडे देऊन टाकले. शर्ट, पँट, दोन स्वेटर, लग्नकार्याचा एक कोट. सगळ्याला घेणारं कुणी ना कुणी मिळालं. उरला तो एक राखाडी लोकरी मोजा. त्याचा जोडीदार कपाटात नव्हता, गच्चीवर नव्हता, वॉशिंग मशीनच्या मागेही नव्हता. एकटा मोजा कुणाला देणार? आणि टाकायचा म्हटलं तर हात होईना. मी तो खणात ठेवून दिला.

दिवाळी झाल्यावर ऑर्गनवाल्या बाईंचा फोन आला. त्या मूळच्या नगरकडच्या, ख्रिस्ती, शाळेतून निवृत्त झालेल्या. सत्तरी ओलांडली तरी आवाज अजून वर्गातलाच.

"वहिनी, जानेवारीत कार्यक्रम आहे. आत कोण बसणार?"

आत म्हणजे ऑर्गनच्या आत. कॅम्पातल्या एका जुन्या चर्चमध्ये पाइप ऑर्गन आहे. समोरून दिसतात त्या सोनेरी नळ्या बऱ्याचशा शोभेच्या. बोलणाऱ्या नळ्या त्यांच्या मागे, छोट्या खोलीएवढ्या लाकडी पेटीत उभ्या असतात. काही करंगळीएवढ्या, काही माणसापेक्षा उंच. विजेचा पंखा खालच्या भात्यात हवा भरतो. बाई पट्टी दाबतात तेव्हा ती हवा हव्या त्या नळीत शिरते आणि पट्टी सोडली की नळी गप्प होते. कधीमधी ती गप्प होत नाही. दमट हवेनं किंवा धुळीनं झडप अडकते आणि नळी आपली वाजतच राहते. म्हणून कार्यक्रम चालू असताना आत एक माणूस बसवावा लागतो. बारा वर्षं ते काम यांनी केलं.

यांना संगीतातलं काही कळत नव्हतं. सगळी नोकरी कारखान्यात यंत्रं दुरुस्त करण्यात गेली. पहिल्यांदा मीच यांना तिथल्या कार्यक्रमाला ओढून नेलं होतं. ऑर्गनच्या साथीला असतो तो ऑर्केस्ट्रा हौशी लोकांचा. चालवणारे एक दातांचे डॉक्टर, वाजवणारे कुणी संगणकातले, कुणी शिक्षक, कुणी फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेले. मी डोळे मिटून ऐकत होते आणि हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "गळतंय कुठेतरी."

मला वाटलं, छप्पर. पण गळत होती ती भात्यातली हवा. पुढच्याच रविवारी हे पाने आणि चामड्याचे तुकडे घेऊन तिथे हजर झाले ते कायमचेच.

नळ्यांच्या सात रांगा. बाई त्यांची इंग्रजी नावं घेत, ती यांच्या लक्षात राहत नसत. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होते. मी म्हटलं, "अहो, आम्ही प्रत्येक पुस्तकाला पत्ता देतो. तुम्ही नळ्यांना द्या." मग यांनी सात रांगांना पुण्याच्या सात वारांच्या पेठा करून टाकल्या. सोमवार पेठ दाराशी, रविवार पेठ पार भिंतीला. प्रत्येक नळी म्हणजे एक घर. नळ्या उंचीप्रमाणे एक डावीकडे, एक उजवीकडे अशा लावलेल्या असतात, म्हणून डावीकडे विषम क्रमांकाची घरं आणि उजवीकडे सम. हे सगळं यांनी वहीत उतरवलं. वाजवणाऱ्या बाकाजवळ एक बटण आणि आत एक लहान दिवा बसवला. सूर अडकला की बाईंनी बटण दाबायचं, सोमवार असेल तर एकदा, मंगळवार असेल तर दोनदा. पुढचं घर यांनी शोधायचं. बाई पहिल्यांदा हसल्या, मग त्यांनाही ते सोयीचं वाटायला लागलं.

मी बरोबर जायची. दाराशी स्टुलावर पुस्तक घेऊन बसायची, लागली तर टॉर्च धरायची. तेवढ्या भांडवलावर बाई मला आत बसायला सांगत होत्या.

"मला जमणार नाही," मी म्हटलं.

"कुणालाच जमत नाही. वही तुमच्याकडे आहे, आणि यजमानांचं अक्षर वाचता येणारं माणूस पुण्यात दुसरं नाही." मग म्हणाल्या, "यंदाचा कार्यक्रम शुश्रूषा केंद्राच्या मदतीसाठी आहे."

हे गेले ते त्याच केंद्रात. शेवटचे सतरा दिवस आम्ही तिथे होतो. त्यानंतर मी त्या रस्त्यानंही गेले नव्हते.

याचं खरं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं. यांच्या उशाशी ऑक्सिजनचं मशीन होतं. ते रात्रंदिवस एकाच सुरात घोंघावत असे. दिवसातून कितीदा तरी मी यांच्या नाकासमोर तळहात धरून बघे, हाताला श्वास लागतो का. शेवटी एका सकाळी तो लागला नाही. नर्सनं येऊन मशीन बंद केलं. खोली शांत झाली आणि मला बरं वाटलं. दुःख मागून आलं. आधी आलं ते हे बरं वाटणं. भेटायला येणारे म्हणायचे, "सुटले हो बिचारे." मी मान हलवायची. सुटल्यासारखं आधी मला वाटलं होतं, हे मात्र माझ्या तोंडून कधी निघालं नाही.

तरी मी तालमीला गेले. दातांच्या डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं. कार्यक्रमाच्या उत्तरार्धात ऑर्गन आणि ऑर्केस्ट्रा मिळून तीन भागांची एक मोठी रचना होती. "दुसरा भाग अगदी हळू आहे. त्यात सूर अडकला तर दवाखान्यात ड्रिल चालू राहिल्यासारखं होईल," ते म्हणाले.

"तुम्हालाच ती सवय. लोकांना नाही," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "सूर अडकला तर मी ती अख्खी रांगच बंद करीन. आवाज थांबेल. पण तिसऱ्या भागाच्या शेवटी मला सातही रांगा लागतात. तिसरा भाग सुरू होताना ऑर्केस्ट्रा एकटा आणि जोरात वाजतो, मिनिटभर. तेव्हा मी ती रांग पुन्हा उघडीन. बाकी ऑर्गन गप्प असेल, वाजेल ती एकच नळी. तेवढ्यात तिला गाठायचं."

"आणि नाही गाठता आली तर?"

"तर शेवट सहा रांगांवर. लंगडा." पुढे सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "गुरुवारातलं एक घर मागच्या कार्यक्रमापासून मुकं आहे. यजमानांनी काय केलं कोण जाणे. मी ते टाळून वाजवते."

मागचा कार्यक्रम भर पावसाळ्यातला. त्यानंतर महिनाभरात हे आजारी पडले. वहीत मी गुरुवार पेठेचं पान पाहिलं. मुक्या घराबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मी साडीऐवजी सलवार-कमीज घातली, वही आणि टॉर्च पिशवीत टाकली आणि मागच्या अरुंद दारातून आत शिरले. आत जुन्या लाकडाचा आणि चामड्याचा वास. एका फळीवर यांची चौकोनी उशी होती, बसून बसून चपटी झालेली. मी तिच्यावर बसले. पूर्वार्ध सुरळीत गेला. त्या पेटीत बसून ऑर्गन ऐकणं म्हणजे ऐकणं नव्हेच. फळी हलते, दात हलतात, वहीची पानं थरथरतात.

दुसरा भाग सुरू झाला. व्हायोलिनं अगदी बारीक, त्यांच्याखाली ऑर्गनचे मऊ सूर. ते एकेक करून विरायला लागले आणि त्यातला एक विरला नाही. चालूच राहिला. एकच सूर, न हलणारा, न थांबणारा. मला तो ओळखीचा वाटला, यांच्या उशाशी असलेल्या मशीनसारखा. दोन-तीन क्षणांत बाईंनी रांग बंद केली. शांतता. मग दिवा लुकलुकला. एक, दोन, तीन, चार. गुरुवार.

मी उठून गुरुवार पेठेपर्यंत गेले. चौकोनी लाकडी नळ्या, प्रत्येकीच्या खालच्या अंगाला ओठांसारखी फट. मी डाव्या बाजूला उभी राहिले आणि वाट पाहिली. मनात एकच होतं: हे यांचं काम आहे आणि मी ते बिघडवणार आहे.

तिसरा भाग धाडकन सुरू झाला. रांग उघडली. सूर आला, पण कुठून ते कळेना. एवढ्या गजरात कान निरुपयोगी होता. टॉर्चचाही उपयोग नव्हता. वाजणारी नळी आणि न वाजणारी नळी दिसायला सारखीच. मला यांचं आठवलं, हे नळीच्या तोंडासमोर तळहात धरायचे. मी धरला. पहिली नळी, काही नाही. दुसरी, तिसरी, चौथी. त्या सतरा दिवसांत जसा धरत होते तसाच धरत गेले. डावीकडची सगळी विषम घरं संपली. अर्धं मिनिट तरी गेलं असेल.

मी उजवीकडे सरकले. सम घरं. तिसऱ्याच नळीपाशी तळहाताला वारा लागला. गार, सरळ, भरपूर.

नळी उपसून काढली की सूर थांबतो, हे असंच करायचे. मी दोन्ही हातांनी ओढली. ती हलेना. मग फटीत काहीतरी कोंबायला हवं होतं, आणि माझी ओढणी बाहेर खुर्चीवर. मी टॉर्च फिरवली. शेजारच्या नळीच्या फटीत काहीतरी राखाडी दिसलं. मोजा.

एकदम सगळं लक्षात आलं. त्या पावसाळ्यातल्या रात्री हे घरी येऊन बूट काढत होते आणि एक पाय उघडा होता. "अहो, मोजा कुठे?" विचारलं तर म्हणाले, "आहे कामावर." मला वाटलं, नेहमीची थट्टा.

तो काढावा, पण ती नळी तेव्हा अडकली होती म्हणूनच तर यांनी तिचं तोंड बांधलं होतं. अजून अडकलेली असेल तर एकाचे दोन सूर होतील, मोजा एकच. बाहेर ऑर्केस्ट्राचा जोर ओसरायला लागला होता. मी मोजा ओढला.

नळी गप्प राहिली. पावसाळ्यात फुगलेली झडप थंडीत केव्हाच मोकळी झाली असणार. मी मोजा शेजारच्या फटीत बोटांनी घट्ट दाबला. सूर आधी थरथरला, मग फुसफुसला, मग थांबला.

मी तिथेच खाली बसले. मला बरं वाटलं. तसंच, अगदी तसंच बरं वाटलं, जसं त्या सकाळी वाटलं होतं. या वेळी मी त्याच्यापासून तोंड फिरवलं नाही. मग शेवट आला, सातही रांगांवर, आणि माझ्या शेजारची मुकी नळी मधूनच भरदार आवाजात बोलली.

लोक पांगल्यावर आम्ही दोघी मागच्या पायऱ्यांवर कागदी कपातला चहा घेऊन बसलो. माझ्या कोपरापर्यंत धूळ होती.

"अडकलेला सूर गप्प केलात ते समजलं," बाई म्हणाल्या. "पण मुकं घर कसं बोललं? बोट चुकून तिथे गेलं आणि मीच दचकले."

"त्याच्या तोंडात मोजा होता."

"कुणाचा?"

"यांचा. आता शेजारी हलवलाय."

बाई इतक्या हसल्या की चहा सांडला. हसणं ओसरल्यावर, कसं कोण जाणे, मी बोलून गेले, "यांचं मशीन बंद झालं ना, तेव्हा मला आधी बरं वाटलं होतं."

त्यांनी कप खाली ठेवला. "वाटणारच. कान आहेत ना तुम्हाला." मग पदरानं चहाचे डाग टिपत म्हणाल्या, "माझी आई गेली तेव्हा मी आधी झोप काढली. चांगली तीन तास. मग रडले."

डॉक्टर खुर्च्या मोजत होते आणि रिक्षा मिळेल का, असं कुणीतरी कुणालातरी विचारत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शुश्रूषा केंद्राच्या रस्त्यानं चालत गेले. आत गेले नाही, फाटकापर्यंतच. घरी येऊन वही काढली आणि गुरुवार पेठेच्या पानावर, यांच्या तिरक्या अक्षराखाली, माझ्या ग्रंथालयातल्या सरळ अक्षरात लिहिलं: 'सहा क्रमांक, मोजा. चार क्रमांक, मोकळा.' खणातला दुसरा मोजा टॉर्चच्या पिशवीत ठेवला. पुढचा कार्यक्रम पावसाळ्यात आहे, दोन लागू शकतील.