पुडी मागायला गेले तेव्हा

त्या शुक्रवारी अंबाबाईच्या देवळातून बाहेर पडले ती रुसूनच. चार वर्षं शुक्रवार धरले, ओट्या भरल्या, तरी आमच्या मालकांची दारू होती तिथंच होती. हात जोडून उभी राहिले तेव्हा मागायलाही काही सुचलं नाही. मनात एवढंच आलं, की आई, तुला ऐकू येत नाही किंवा मला मागता येत नाही. देवीला असं बोलू नये हे कळतं. पण मी माणसांपुढे तोंड उघडत नाही, त्यामुळे सगळा राग तिच्यावरच निघायचा.

त्याआधी दोन महिने शेजारणीच्या सांगण्यावरून मी राजारामपुरीतल्या एका औषधवाल्याकडून पुडी आणली होती. न सांगता जेवणात घालायची, म्हणजे दारूची किळस येते, असं तो म्हणाला. मी रोज चिमूटभर आमटीत मिसळत होते. मालक फौंड्रीत कामाला, भूक मोठी. पण पंधरा दिवसांत ते ताट सरकवायला लागले. आधी आमटी सोडली, मग भाकरीही. बाहेर काहीतरी खाऊन यायचे आणि तसेच झोपायचे. मी दोन घरी स्वयंपाकाला जाते. तिथं लोक माझ्या हातचं मागून घेतात, आणि माझा माणूस माझ्या हातचं खाईना. त्यांचे कपडे अंगावर ढगळ दिसायला लागले. मला वाटलं, औषध कमी पडतंय. म्हणून देवळातून थेट दुसरी पुडी आणायला गेले.

औषधवाला एका इमारतीत वरच्या मजल्यावर बसायचा. मागच्या वेळी शेजारीण सोबत होती, या वेळी मी एकटीच. जिना चढले तर एका दाराबाहेर चपलांचा ढीग आणि आत सतरंजीवर वीसेक माणसं. नंबर लावून बसलेत असं समजून मीही मागे भिंतीला टेकले. एकेक जण उठून आपली दारूची हकीगत सांगत होता. मला वाटलं, औषधाआधी दुखणं सांगायची इथली पद्धत असेल. मग पुढे बसलेले एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, काय बोलायचं असंल तर बोला. नाव न्हाय सांगितलं तरी चालतंय."

मी उठले. म्हणाले, "मालकांसाठी पुडी पाहिजे. आमटीत घालायची ती. मागची संपली."

कोपऱ्यात एकजण हसला आणि पाठोपाठ सगळेच. मी पदर तोंडावर घेऊन खाली बसले. म्हातारे हसता हसता डोळे पुसत होते.

"लाजू नको पोरी. हितल्या निम्म्यांनी ती पुडी खाल्लीया. पुडीवाला पलीकडच्या दारात. हितं आमी सगळे पिणारे, पिऊ नये म्हणून दर शुक्रवारी जमतोय." मग म्हणाले, "माझ्या बायकोनं भाकरीत घातली हुती. चव कळती की. मी दारू न्हाय सोडली, तिच्या हातची भाकरी सोडली."

दोन महिने रोज समोर असून मला जे दिसलं नव्हतं, ते त्या परक्या माणसानं सांगितलं.

त्यांची बायको, जिला सगळे आक्का म्हणत, पिणाऱ्यांच्या घरच्या बायकांना घेऊन गच्चीवर बसायची. तिनं मला वर नेलं. "मीच ती भाकरीवाली," ती म्हणाली. "त्याची दारू सोडवणं तुझ्या हातात न्हाय बाई. तुझी लबाडी सोडणं हाय. तेवढं कर, बाकीचं सोडून दे."

"कुणावर सोडू?"

"हातात परसाद हाय, आत्ता देवळातनं आलीस न्हवं? का तिच्यावरबी भरवसा न्हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवताना मी मालकांना सगळं सांगितलं. ते ओरडतील, हात उचलतील, अशी तयारी ठेवली होती. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मला वाटलं, कटाळलीस आन् जेवणात इख घालून मारायला लागलीस मला. पर कुणाला बोललो न्हाय."

त्या दिवसापासून ते घरी जेवायला लागले. दारू मात्र सुटली नाही. मी त्यांना चला म्हटलं नाही, दर शुक्रवारी आपली एकटी गच्चीवर जाऊन बसायचे. सहा-सात शुक्रवार गेले. मग एकदा पाऊस होता म्हणून ते मला गाडीवरून सोडायला आले आणि जिन्याखाली थांबले. म्हातारे बाहेर डोकावून म्हणाले, "पावणं, भिजताय कशाला? वर या, चहा हाय." ते वर गेले. चहाला म्हणून गेले ते सभा संपेपर्यंत बसले.

मग दर शुक्रवारी तेही येऊ लागले, दारू थांबली, त्यालाही आता वर्ष होऊन गेलं. मध्ये एका लग्नात पाय घसरला, प्यायले. दुसऱ्या शुक्रवारी त्यांनी स्वतःच उभं राहून ते सांगितलं. पुन्हा घसरणार नाही असं मी कुणाला सांगू शकत नाही, आणि तेही तसं म्हणत नाहीत. आजचा दिवस प्यायलो नाही, एवढंच म्हणतात. त्या दिवशी मला चुकीच्या दारात कुणी नेलं, हे मी कुणाशी बोलत नाही. मला ठाऊक आहे, तेवढं पुरे.

पूर्वी ते कामावर निघाले की गल्लीच्या वळणापर्यंत मी त्यांची चाल बघत उभी राहायचे, कुठं वळतात, कुणाशी बोलतात. आता ते गेले की दार लावून घेते आणि कामाला लागते. वळणाच्या पुढचं आई बघते.