अक्कांना सांगितलेली वेळ

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला सांगितली नाही, आणि आता तो नाही. लेकींना सांगितली नाही. त्यांना वाटतं, आपली आई म्हणजे सरळ रेघ. उभा जन्म शाळेत पोरांना खरं बोला, खरं बोला म्हणून सांगत आले, आणि मी स्वतः — पण थांबा. एकदम नाही सांगता यायचं मला. आधी बाग सांगते.

सांगलीत तेव्हा गावाच्या कडेला नगरपालिकेची एक बाग होती. आज तिथं काय आहे मला ठाऊक नाही, मी परत त्या रस्त्याला गेलेले नाही. झोपाळे होते, घसरगुंडी होती, पायांनी चालवायच्या होड्यांचं तळं होतं, चाकांचे बूट घालून फिरायला सिमेंटचं रिंगण होतं. आणि एका कोपऱ्यात पाटी होती — 'गोल्फ'. खरं गोल्फ तिकडं महाबळेश्वरला बडे लोक खेळतात, एवढं आम्ही ऐकून होतो. आमचं आपलं गरिबाघरचं. सिमेंटचे लांबट पट्टे, एकावर छोटा पूल, एकावर वळण, आणि शेवटच्या पट्ट्यावर गुडघ्याएवढा सिमेंटचा किल्ला. काठीनं चेंडू ढकलत न्यायचा आणि टोकाच्या खड्ड्यात पाडायचा. किल्ल्याच्या पट्ट्यावर तो दरवाजातून आत जाऊन पलीकडं पडला पाहिजे. काठ्या-चेंडू द्यायला पत्र्याच्या खोलीत दहिवडीकडचा एक निवृत्त शिपाई बसायचा. त्याला सगळे फौजी म्हणत. पलटणीत असताना साहेबांच्या मागं काठ्यांची पिशवी घेऊन हिंडला होता म्हणे, म्हणून हे काम त्याच्याकडं.

दोन बायका पदर खोचून त्या पट्ट्यांवर खेळायच्या. लोक बघून हसायचे. त्यातली एक मी.

मी विट्याकडची. आमच्याकडच्या कितीतरी घरांतला बाप्या दूर मुलखात सोनं गाळायच्या दुकानात असतो, तसा माझाही नवरा मद्रासकडं होता. लग्न झालं आणि पंधरवड्यात तो गेला. मला सांगलीत प्राथमिक शाळेत नोकरी लागली, म्हणून एका गल्लीत दोन खोल्या घेऊन राहत होते. नवरा दिवाळीला यायचा आणि गावच्या जत्रेला यायचा. बाकीचं वर्ष माझं मी. शाळा सुटून घरी आलं की चहा करायचा, तो प्यायचा, कप विसळायचा — आणि मग? मग काय करायचं, सांगा बरं. भिंतीकडं बघत बसण्यात माझा हात कुणी धरला नसता. कुणाशी बोलले नाही म्हणून आवाज बसलाय की काय, हे बघायला मी एकटीच मोठ्यानं पाढे म्हणायची. हसू नका. म्हणजे, हसलात तरी चालेल.

पहिल्या दिवाळीला नवऱ्यानं मला मनगटी घड्याळ आणलं होतं. चावीचं, बारक्या पांढऱ्या तबकडीचं. आमच्या गल्लीत बाईमाणसाच्या हातात घड्याळ फक्त माझ्याच.

शेजारच्या खोलीत सुमतीअक्का राहायच्या. जैन, विधवा, पन्नाशीच्या आत-बाहेर. नवऱ्याचा हळदीचा व्यापार होता, तो गेल्यावर व्यापार दिरानं गावाकडून बघायचा ठरला आणि अक्कांनी गावी यावं असंही ठरलं. ठरवलं इतरांनी. अक्का हलल्या नाहीत. "हितं माझी बस्ती हाय, माझी खोली हाय, कुणाच्या दारात बसून भात खाऊ?" असं त्या मला म्हणाल्या होत्या. बस्ती म्हणजे त्यांचं देऊळ. दीर दर दोन-तीन महिन्यांनी यायचे आणि वैनी, आता एकटीनं राहायचं वय न्हाई, म्हणून टुमणं लावायचे. अक्का त्यांना पोटभर जेवू घालून परत पाठवायच्या. एकटीनं नीट राहता येतं, हे दाखवत राहणं, एवढ्यावरच त्यांचं सांगलीतलं राहणं टिकून होतं. हे मला माहीत होतं. नीट माहीत होतं, हे आत्ताच सांगून ठेवते.

बागेत मी त्यांना पहिल्यांदा ओढत नेलं. चातुर्मासात हिरवळीवर पाय द्यायचा नाही, किडामुंगी मरते, म्हणून त्या फाटकातच अडल्या. मग सिमेंटचे पट्टे दिसले आणि त्यांचा चेहरा उजळला. लहानपणी बापाच्या मळ्यात भावांबरोबर विटीदांडू खेळलेला हात तो. पुलावरून चेंडू असा न्यायच्या की फौजी खोलीतून बाहेर येऊन बघायचा. फक्त किल्ला त्यांना दाद द्यायचा नाही. चेंडू दरवाजाला आपटून परत यायचा आणि अक्का कमरेवर हात ठेवून त्या किल्ल्याला कानडीत काहीतरी सुनवायच्या. मला म्हणायच्या, "मास्तरीण, ह्येला एकदा घेतल्याबिगर मी मरत न्हाई बघ." एवढं हसणं मी लग्नानंतर हसले नव्हते. तुम्हाला पटणार नाही, पण दिवसभर शाळेत मी त्या एका तासासाठी जगत होते.

आणि तो तास संपायचा. कारण अक्का दिवस मावळायच्या आत जेवायच्या. जैनांत पुष्कळजण पाळतात, पण अक्कांनी नवरा गेल्यापासून चातुर्मासाचं व्रतच धरलेलं — सूर्य बुडाल्यावर अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. बस्तीतल्या फळ्यावर सूर्यास्ताची वेळ रोज खडूनं लिहीत. सकाळी दर्शनाला गेल्या की अक्का ती वेळ बघून पाठ करून यायच्या. स्वयंपाक करून, झाकून बागेत यायच्या. आणि खेळता खेळता विचारायच्या, "किती वाजलं गं?" आभाळ स्वच्छ असलं तर विचारायची गरज नव्हती. पण पावसाळा होता. आणीबाणी उठली त्या वर्षीचा पावसाळा. आमच्याकडं पाऊस फार नसतो, नुसतं आभाळ भरून राहतं, दुपारपासूनच संध्याकाळ झाल्यासारखं. अक्कांच्या खोलीत घड्याळ नव्हतं, म्हणून अशा दिवशी सूर्य कुठं आहे, हे फक्त माझ्या मनगटावर कळायचं.

आलं लक्षात? आलं असेल. पण मलाच म्हणायला हवं.

पहिल्यांदा खरंच चूक झाली. चावी द्यायची राहिली, घड्याळ मागं पडलं. त्या संध्याकाळी आम्ही नेहमीपेक्षा जास्त वेळ खेळलो. घरी आल्यावर मला कळलं, अक्कांना नाही. त्या तोवर जेवून, भांडी घासून मोकळ्या झाल्या होत्या. मी जाऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. झोपताना मला काय वाटत होतं, माहीत आहे? वाईट वाटत नव्हतं. आज अर्धा तास जास्त मिळाला, असं वाटत होतं.

दुसऱ्यांदा चूक नव्हती. शाळेतून आले, आभाळ भरलेलं पाहिलं, आणि खोलीचं दार लावून काटा मागं फिरवला. दोन बोटांत मावणारी एवढीशी चावी. त्यात काय अवघड? त्यानंतर आभाळ भरलं की हेच. संध्याकाळच्या बातम्या भिंतीपलीकडं ऐकू जातील म्हणून मी रेडिओ लावायचं सोडलं. अक्का विचारायच्या, मी मनगट पुढं करायची, "बघा की अक्का, अजून वेळ हाय, किल्ल्यावर आणखी एकदा मारा." त्या लेकरासारख्या खूश होऊन चेंडू परत ठेवायच्या. आणि घरी जाऊन, दिवस बुडालेला असताना, व्रत पाळते आहे अशा समाधानानं जेवायच्या. मी भिंतीला टेकून त्यांच्या ताटवाटीचा आवाज ऐकायची.

त्यांचं व्रत मी मोडत होते, त्यांना न सांगता, त्यांच्याच हातानं. स्वतःला मी काय काय समजावलं — देव भाव बघतो, घड्याळ बघत नाही, वगैरे. माझा देव असा सोयीचा कधीपासून झाला?

मग एके दिवशी आम्ही बागेतून आलो, तर अक्कांच्या पायरीवर दीर बसलेले. सोबतचा डबा त्यांनी उजेड असतानाच खाऊन घेतलेला. अक्का खुशीत होत्या, त्या दिवशी चेंडू किल्ल्याच्या दरवाजात अडकून राहिला होता, म्हणजे जवळजवळ जिंकलाच होता. मी पण आत गेले, चहा ठेवते म्हणून. अक्कांनी दिरांची चौकशी केली आणि म्हणाल्या, "मी घेते गं चार घास, अजून हाय वेळ." ताट वाढलं. पहिला घास तोंडात गेला.

दीर म्हणाले, "वैनी, काय करताय? दिवस बुडून किती येळ झाला." आणि आपलं घड्याळ पुढं केलं.

अक्कांनी घास तसाच हातावर काढला. पाणी घ्यायचं नाही, म्हणून पदरानं तोंड पुसलं. त्या माझ्याकडं बघत होत्या. रागानं नाही — मी काहीतरी सांगेन आणि सगळं नीट होईल, अशा नजरेनं. दीरही माझ्याकडं वळले. "बाई, तुमच्याजवळ तर घड्याळ असतंय. वैनींना सांगितलं न्हाई तुमी?"

माझा हात पदराखाली होता. घड्याळ बिघडलंय, मागं पडतंय, एवढं म्हणाले असते तरी भागलं असतं. तेही खोटंच, पण त्यानं अक्का वाचल्या असत्या. मग हे लोक घड्याळ बघायला मागतील, काटा मागं घेतलाय हे कळेल, मास्तरीण अशी निघाली म्हणून गल्लीभर होईल — हे सगळं एका क्षणात माझ्या मनात येऊन गेलं. आणि मी म्हणाले —

"सांगितलं होतं. अक्कांच्या ध्यानात राहिलं नसेल."

हेच ते. हेच मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. काटा फिरवणं एकवेळ एकटेपणाच्या खाती टाकता येईल, टाकत बसलेही मी पुष्कळ वर्षं. पण हे वाक्य? हे वाक्य मी चांगली शुद्धीत असताना, तोंडावर काळजी आणून बोलले.

अक्कांनी ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाल्या, "सांगितलं आसंल. माझंच डोकं." त्यांना माझ्यापेक्षा स्वतःवर संशय घेणं सोपं वाटलं. दिरांना जे हवं होतं, ते मीच त्यांच्या ओंजळीत घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी अक्का बस्तीत जाऊन प्रायश्चित्त घेऊन आल्या, उपास धरले. मी सांगायला म्हणून त्यांच्या दारात गेले होते. खरंच गेले होते. तर त्यांनीच मला विचारलं, "आज वार कुठला गं, मास्तरीण? गुरुवारच न्हवं?" मी म्हणाले, व्हय. त्यांनी मान हलवली, म्हणाल्या, बरोबर हाय म्हणजे. त्या दिवसापासून त्या स्वतःची परीक्षा घ्यायला लागल्या. आमटीत मीठ घातलं का, कडी लावली का, काल कोण आलं होतं. सगळं बरोबर असायचं. तरी मला विचारून घ्यायच्या. मी रोज उत्तरं देत होते. त्यातल्या कुठल्याही सकाळी मी सांगू शकले असते, नाही का? बागेत यायचं त्यांनी बंद केलं. मी एकदा एकटीच गेले, तर फौजीनं विचारलं, "दुसऱ्या बाई न्हाईत आल्या?" मी काठी न घेताच परत आले.

पुढच्याच आठवड्यात दीर आले ते ट्रंक बांधायलाच. या खेपेला अक्कांनी वाद घातला नाही. एकटीनं सुचत नाही मला आता, असं त्या गल्लीतल्या बायकांना आपण होऊन सांगत होत्या. खोली रिकामी झाली. बस्तीत जाऊन त्यांनी शेवटचा नमस्कार केला, फळ्याकडं बघितलंही नाही, म्हणाल्या बघून काय उपेग.

मी त्यांना पोचवायला स्टँडवर गेले. आठवडाभराचं आभाळ त्या दिवशी फाटलं होतं. लख्ख ऊन, दुपारची वेळ, स्टँडची फरशी तापलेली. अक्का खिडकीशी बसल्या होत्या, ऊन सरळ त्यांच्या मांडीवर पडलं होतं, मांडीवर डबा होता. दीर ट्रंक टपावर चढवून घेत होते. म्हणजे आम्ही दोघीच होतो. कंडक्टरसुद्धा आला नव्हता.

अक्कांनी डब्याचं झाकण काढलं, भाकरीचा तुकडा मोडला, आणि हात तसाच थांबला. त्यांनी उन्हाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मास्तरीण," त्या हळूच म्हणाल्या, "जेवू का गं? हाय न्हवं अजून वेळ?"

त्या दिवशी घड्याळ बरोबर होतं. मी मनगट वर करून बघितलं, जसं काही बघायची गरज होती.

"हाय, अक्का," मी म्हणाले. "जेवा."

आणि माझ्या शब्दावर त्या जेवल्या.