डिकीतला दगड

नाटे गावच्या धोंडू आडिवरेकरला समुद्राची भीती कधी वाटली नाही. पंचवीस वर्षं बोटीवर काढली त्याने. धास्ती घेतली ती पूर्णगडचा पूल ओलांडल्यावर लागणाऱ्या चढाची. दर मंगळवारी आणि शुक्रवारी बायकोला, मालनला, डायलिसिससाठी रत्नागिरीला न्यायचं, आणि त्या चढावर नवी कोरी गाडी मधेच गप्प व्हायची. दहा मिनिटांनी आपली आपण सुरू व्हायची, जसं काही झालंच नाही. पण मागे एसटी, पुढे चढ आणि शेजारी सुजलेल्या पायांची मालन. त्या दहा मिनिटांत धोंडूला दरदरून घाम फुटायचा.

शोरूममध्ये मात्र गाडी शहाण्यासारखी वागायची. सर्व्हिस काउंटरवरचा ओमकार तोंडाचा फार गोड. "काका, चेक केली, ओके आहे. हवं तर चार दिवस ठेवून जा." धोंडू नको म्हणायचा. चार दिवसांत मंगळवार नाहीतर शुक्रवार येणारच. दर खेपेला त्याने सगळं तोंडी सांगितलं आणि दाखवतील तिथे सही ठोकली. सांगितलं म्हणजे झालं, अशी त्याची समजूत. असल्या भोळेपणाला काय म्हणावं! कागदावर दर वेळी एवढंच उमटलं: नेहमीची सर्व्हिसिंग.

मग वॉरंटी संपली, आणि गोड ओमकार एकदम कायदा बोलू लागला. "वॉरंटीत तुमची तक्रारच नाही, काका."

धोंडूने कंपनीकडे पत्रांवर पत्रं धाडली. शेवटी एका शुक्रवारी कंपनीच्या इंजिनीयर दर्शना मॅडम आल्या. डायलिसिस आटोपून दोघं थेट शोरूममध्ये गेली. मॅडमनी गाडी गावातून फिरवून आणली. गाडी झकास पळाली. आज निकाल लागला नाही, तर मंगळवारी पुन्हा तोच चढ होता.

"तक्रार आधी का नाही नोंदवलीत?" मॅडमनी विचारलं.

"सांगत होतो की ओ दर वेळेला. ह्यांनी लिहिलंच नाय."

"सही तुमचीच आहे, काका," ओमकार म्हणाला.

मॅडम जुनी जॉब कार्डं चाळू लागल्या. गाडी ताब्यात घेताना आत काय काय आहे ते लिहायची पद्धत असते. पहिल्या कार्डावर होतं: स्टेपनी, जॅक, छत्री, दगड एक. दुसऱ्यावरही दगड एक. सहाच्या सहा कार्डांवर, ओमकारच्याच सुवाच्य अक्षरात, दगड एक.

"नव्या गाडीत दगड कशाला?"

मालननेच सांगितलं, "चाकाखाली लावायला. चढावर बंद पडली का मागं सरते."

"काका उतरून लावतात?"

"ते कसे उतरतील? नुसता हँडब्रेक तिथं पुरत नाय. ते ब्रेक दाबून बसतात, मी लावते." डायलिसिसच्या सुयांवर पट्टी बांधलेला डावा हात तिने जरासा वर केला. "ह्या हातानं वजन उचलू नको म्हणालेत डॉक्टर. म्हणून उजव्यानं."

भरल्या शोरूममध्ये हे ऐकताना धोंडूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन वर्षं तो दगड ओमकारनेच मोजला होता, विचारलं मात्र कधी नव्हतं.

मॅडमनी सहाही कार्डं आपल्या फायलीत घातली. "चला, त्याच चढावर जाऊ. काकी, तुम्ही इथेच बसा."

धोंडूने डिकी उघडली, दगड काढला आणि ओमकारच्या हातात दिला.

"आज तू उतर."