इब्रामपूरला मारलेली फुली

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. इब्रामपूरच्या एका बाईने मला सरळ प्रश्न विचारला होता आणि मी तिच्याशी खोटं बोललो.

एप्रिलात गोव्यात पेडण्याला उतरलो. उपचारांबद्दल कानावर येणारे दावे लोकांना कितपत पारखता येतात, ते प्रश्नावलीवरून मोजायचं काम होतं. नियम एकच: योग्य उत्तर सांगायचं नाही, नाहीतर मोजणी बिघडते. हळर्णला उंडे (गोल, कडक सालीचे पाव) आणि पातळभाजी खाल्ली, पडका किल्ला पाहिला, बस चुकली. शेवटी काजूच्या बोंडांनी भरलेल्या टेम्पोतून इब्रामपूरला पोचलो. कपड्यांना आंबूस वास लागला होता.

सुमनताईंनी ओसरीवर बसवलं. नवरा खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर. आत खाटेवर पडलेला, डोळे हळदीसारखे पिवळे. उशाशी झाडपाल्याच्या काढ्याची बाटली.

मी वाचलं, "एकाने काढा घेतला आणि तो बरा झाला. म्हणजे काढ्यानेच बरा झाला, असं म्हणता येईल का?"

"मगे कशान?" त्या हसल्या. "माझो मामा ह्याच काढ्यान उठलो. तुमी शाळेत नापास झालात काय ओ भाऊ?"

आतून नवराही हसला.

मी फुली मारली. ती त्यांनी पाहिली.

"चुकला काय? तसा आसात तर सांगा. ह्यांका आजच म्हापशाक नेतंय." (आजच म्हापशाच्या इस्पितळात नेते.)

"इथे चूक-बरोबर काही नसतं," मी म्हणालो आणि पुढचा प्रश्न वाचला.

तिथून डिचोली तालुक्यात, लाटंबार्सेला. भाताच्या मळ्यांच्या कडेला एक निवृत्त कारकून भेटले. "नुसतं विचारून जाणार? मग सांगणार कोण?" मी म्हटलं, "त्यासाठी नंतर वर्ग घेणार आहेत." ते म्हणाले, "तोवर आजाऱ्यांनी थांबायचं, असं?" आणि स्वतःच हसले. मला हसता आलं नाही.

पावसाळ्यानंतर, भातकापणीच्या दिवसांत दुसरी फेरी. माणसं तीच, प्रश्न तेच. सुमनताईंच्या घरात खाट नव्हती; भिंतीवर नवऱ्याच्या फोटोला हार होता. मी तोच प्रश्न वाचला.

"नाय," त्या म्हणाल्या. "तसा म्हणता येयत नाय."

"वर्गाला गेला होतात?"

"खंयचो वर्ग? दोन आठवडे काढो दिलंय. मगे नेलंय. डॉक्टर म्हणालो, आधी हाडूक व्हयो होतो." (कुठला वर्ग? दोन आठवडे काढा दिला, मग नेलं. डॉक्टर म्हणाले, आधी आणायला हवं होतं.)

मी बरोबरची खूण केली. अहवालात ते घर 'सुधारणा' या रकान्यात गेलं. परतीच्या गाडीत शेजारच्याने विचारलं, काम चांगलं झालं का? मी हो म्हणालो.

त्या दिवशी तुमचं उत्तर चूक होतं आणि मला ते माहीत होतं, हे मला सुमनताईंना त्यांच्या ओसरीवर जाऊन सांगायचं आहे. अजून गेलेलो नाही.