मुलगी बघायला गेलो आणि गायलो

कॉलेजसाठी हैदराबादेला गेलो आणि तिथल्या एका बँडमध्ये गायला लागलो. त्याच बँडबरोबर पुढं कोलंबो, सिंगापूर, बँकॉक, हाँगकाँग हिंडलो. बड्या हॉटेलांत लोक जेवायचे, नाचायचे आणि मी चमकता कोट घालून इंग्रजी, मलय, जमेल तशी चिनी गाणी म्हणायचो. आता त्याला पॉप म्हणतात. परंड्यात मास्तर असलेले माझे वडील मात्र विचारणाऱ्याला एवढंच सांगत, "मुलगा सिंगापुरात हॉटेलात असतो."

एका सुट्टीत आम्ही सोनारीला मुलगी बघायला गेलो. मुलीचे वडील मोठे जमीनदार. त्यांनी पहिलंच विचारलं, "हाटेलात वाढायला असता का भांड्याला?"

"गातो," मी म्हणालो.

ते माझ्या वडिलांकडं वळून म्हणाले, "मास्तर, वाढप्या असता तर पोरगी दिली असती."

वडिलांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. आता उठायचंच, तेवढ्यात मुलीची आत्या म्हणाली, "दादा, दरवेळी पोरीला गायला लावत्यात. आज पोरालाच लावा की."

मी एक मलय गाणं धरलं. दुसऱ्या कडव्याला सवयीनं उठलो, खांदे हलवले, चुटक्या वाजवल्या आणि हात पसरून थेट आत्यासमोर वाकलो. अंगणातले बैल दाव्याला हिसके द्यायला लागले. माझे वडील सतरंजीची नक्षी बघत बसले.

गाणं संपलं. टाळी न्हाय, काय न्हाय.

"अर्थ काय ह्याचा?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

"नदीकाठी एकजण मैत्रिणीची वाट बघतो. ती येत नाही."

"का येत न्हाय?"

"ते गाण्यात नाही."

"मग गाणं अर्धंच हाय की!"

आतून खळखळून हसू आलं. पाठोपाठ मुलगी चहा घेऊन आली आणि माझ्याकडं सरळ बघत म्हणाली, "मला संगट नेणार का?"

"अगं, समुद्रापल्याड?" तिचे वडील ओरडले.

"मग? हे तिकडं गाणार आन् मी हितं शेण काढणार व्हय?"

त्या उन्हाळ्यात आमचं लग्न झालं. सिंगापुरात पहिल्याच संध्याकाळी ती नऊवारी नेसून अगदी पुढच्या टेबलाशी बसली. मी गायला लागलो तशी साहेब-मडमांची जोडपी नाचायला उठली. तिचं डोकंच फिरलं.

"खाली बसा की! गाणं चाललंय, दिसत न्हाय?" ती कडाडली.

मराठी त्यांतल्या एकालाही येत नव्हतं. सगळे मुकाट्यानं बसले.