दुरुस्त केलेला पंखा

वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूबद्दल काकांना माहिती अशी फार नव्हतीच. चार वर्षांत त्या दोघांचं जे बोलणं झालं ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं. तो दातांच्या कवळ्या बनवायच्या कामाला जायचा, एकटा राहायचा, आणि दाराची जादा किल्ली काकांकडे खिळ्याला अडकवून ठेवायचा. बाकी जे कळलं ते छतातून.

दर रविवारी दुपारी वरून आवाज यायचा. आधी खरखर, मग पत्रा फाडल्यासारखी किंकाळी, मग पुन्हा खरखर.

"याच्या घरात कवळ्याच भांडतात की काय?" काकू म्हणायच्या.

काकांची हयात विजेच्या मोटारी दुरुस्त करण्यात गेलेली. त्यांनी ऐकूनच निदान केलं होतं. "पंख्याचा बुश झिजलाय, दांडा फिरतो ती पितळी नळी. दुरुस्त करून घ्यायला वेळ मिळत नसेल बिचाऱ्याला."

पण विचारायचं कसं? काका भिडस्त. विचारू विचारू म्हणता दोन वर्षं गेली. शेवटी एका शुक्रवारी तो कामाला गेल्यावर काका किल्ली घेऊन वर गेले. टेबलावर जुना पंखा होता, त्याच्या जाळीला एक माइक चिकटवलेला, आणि पलीकडे डब्या-वायरींचं जंजाळ. माइक त्यांनी अलगद बाजूला ठेवला. दुसऱ्याच्या वस्तूंत नाक खुपसायचा काकांचा स्वभाव नव्हता. बुश बदलला, तेल घातलं, माइक होता तसा लावला. जुना बुश गिऱ्हाइकाला परत द्यायच्या सवयीने कागदात गुंडाळून खिशात टाकला.

संध्याकाळी तो खाली आला.

"काका, पंख्याला कोणी हात लावला का?"

"मीच," काका लाजून म्हणाले. "आता लोण्यासारखा फिरतो. आभार-बिभार नकोत."

"फिरतोय खरा." तो उंबऱ्यावरच बसला. "काका, तो आवाज म्हणजे माझं संगीत होतं."

जपानमध्ये असं निव्वळ गोंगाटाचं संगीत करणारी माणसं होती म्हणे. याने त्यांच्या कॅसेटी वीस वर्षं ऐकल्या होत्या. तिथल्याच एका कॅसेटवाल्याने याची कॅसेट काढायचं कबूल केलं होतं. अर्धं काम झालं होतं. उरलेलं सोमवारी टपालात पडायला हवं होतं.

"यात सूर कुठे असतो?" काकूंनी आतून विचारलं.

"नसतो, काकू."

"मग आम्हाला बरोबरच ऐकू येत होतं."

हजारो मोटारी काकांनी नीट केल्या होत्या. जाणूनबुजून बिघडवली एकही नव्हती. शनिवारी त्यांनी वर जाऊन जुना बुश परत बसवला. पंखा नुसताच खडखडला.

"चालेल, काका," तो पडेल आवाजात म्हणाला.

"चालेल कसं? किंकाळीआधी याला ठसका लागायचा. तीनदा. मधला मोठा."

तो काकांच्या शेजारी येऊन बसला.

काकांनी रॉकेलने तेल धुऊन काढलं, बुश अर्धा फिरवून बसवला, एक स्क्रू सैल केला. पंखा ठसकला, मग मोठ्याने ठसकला, मग पुन्हा एकदा. आणि किंचाळला. खालून काकूंनी काठीने छत ठोकलं.

"आला," काका म्हणाले.

सहा महिन्यांनी कॅसेट आली. त्याने एक प्रत काकांना दिली. ती लावायला घरात यंत्र नाही, हे सांगायची काकांना भीड पडली. तशी ती त्यांना पाठच होती.

तो जागा सोडून गेला त्या सकाळी पंखा छातीशी धरून जिना उतरत होता.

"तेल घातलं नाहीस ना?" काकांनी विचारलं.

"नाही, काका."

"सांभाळून. खालची पायरी हलते."

"माहीत आहे," तो म्हणाला.