कापसावरचं टेबल

तीन मॉनिटर! एक नाही, दोन नाही, चांगले तीन! आजही हे सांगताना माझा आवाज चढतो आणि घरातले म्हणतात, "झाली हिची सुरुवात." होऊ दे सुरुवात. केळापूर तालुक्यातल्या आमच्या गावात तेव्हा एकच कॉम्प्युटर होता, तो ग्रामपंचायतीत, आणि तोही टेबलक्लॉथखाली झाकून ठेवलेला. त्या गावात माझ्या एकटीपुढे तीन पडदे उजळत होते, तर मी गप्प काहून बसू?

मी नागपूरला कॉम्प्युटरवर नकाशे काढायला शिकले आणि पुण्यात नोकरीला लागले. पुणं मला मानवलं नाही. तोंडातून 'मले' निघालं की सोबतच्या पोरी फिदीफिदी हसायच्या, आणि मी काही ऐकून घेणाऱ्यांतली नाही. दोघींशी तर अशी जुंपली की खोली बदलावी लागली. संक्रांतीला घरी आले ती परत जायचं नाव काढेना.

बाबांचं डोकं फिरलं. "शिकवलं कायले तुले? घरी बसाले?"

"घरी बसाले नाही, घरी बसून काम कराले!"

"थ्या दोन्हीत फरक काय हाय?"

फरक होता. नागपूरच्या एका ऑफिसला जमिनीचे जुने नकाशे कॉम्प्युटरवर चढवायचे होते. कापडावर चिकटवलेले, पिवळे पडलेले, घड्यांवर विरलेले नकाशे. त्यांचे फोटो सीडीवर यायचे. मी त्यावरून शेताशेताच्या हद्दी नव्यानं ओढायच्या आणि प्रत्येक तुकड्याचा नंबर तक्त्यात भरायचा. डाव्या पडद्यावर जुना नकाशा, मधल्यावर माझ्या रेघा, उजव्यावर तक्ता. एकाच पडद्यावर हे करणं म्हणजे एकाच चुलीवर भाकर, पिठलं आणि चहा. होतं, पण जीव जातो. ऑफिसनं सांगितलं होतं, पहिली खेप नीट जमली तर आमचा माणूस घरी येऊन जागा पाहील, आणि त्याला पटलं तर तालुक्याचं सगळं काम तुमचं.

तालुक्याचं सगळं काम! म्हणजे मला गाव सोडायला नको. मला दुसरं काही नकोच होतं.

बाबांनी हो म्हटलं, पण कसं? "खोली कापसाची हाय. दिवाळीले नवा कापूस येईपर्यंत कर तुह्या मनाचं. कापूस आला का खोली खाली कराची, अन् पुण्याले जायाचं." आई मध्ये पडली तर तिलाही म्हणाले, "तू नको बोलू वो."

तर ती कापसाची खोली. त्या वर्षांत कापसाच्या भावानं सगळ्यांनाच घोर लावला होता. आज वाढेल, उद्या वाढेल, म्हणून लोक माल घरातच ठेवत. आमच्याकडे तर एका वर्षाचा पुरता निघायच्या आत दुसऱ्या वर्षाचा येऊन पडायचा. खोलीच्या आतल्या अर्ध्या भागात गंजी पार आढ्याला भिडलेली. दाराकडच्या अर्ध्या भागात तुडवून तुडवून घट्ट बसलेला गुडघाभर कापूस, त्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर सतरंजी. उंबरठा ओलांडला की पाय वर टाकायचा, ही सगळ्यांची सवयच झाली होती. पाहुणे आले की तिथंच झोपायचे आणि सकाळी अंग खाजवत उठायचे.

टेबल करायला पांढरकवड्याचे चाचा आले. हायवेवर त्यांचं दुकान, काम ट्रकच्या बॉड्या बांधायचं. बाबांची आणि त्यांची जुनी दोस्ती. मी त्यांना मॉनिटर दाखवले. मधला नवा, चपटा. बाजूचे दोन नागपूरच्या बंद पडलेल्या सायबर कॅफेतून आणलेले, मागं भलं मोठं पोट असलेले. चाचांनी त्यातला एक उचलून पाहिला आणि लगेच खाली ठेवला.

"या अल्ला! ये टीव्ही हाय का गव्हाचं पोतं? बेटा, याले पाय नाही पुरत. हे भितीलेच टांगाव लागते."

आईनं आधीच बजावलं, "घरात वेल्डिंग नाही. एक ठिणगी पडली तं तुमच्यासकट ते तिन्ही डबे विहिरीत टाकीन." तिचं खरंच होतं, चहूकडे कापूस. म्हणून ठरलं की चाचा लोखंडी अँगलचे हात दुकानात बनवून आणतील, भिंतीतून आरपार घालतील, पलीकडून पट्टी लावून नट कसतील आणि सिमेंट भरतील. वरची फळी म्हणून गोठ्याचं जुनं सागवानी दार निघालं. बाबांनीच ते काढून दिलं, तोंड वाकडं करून का होईना.

माप घ्यायचा दिवस मला लख्ख आठवतो. खुर्चीचे पाय कापसात रुतू नयेत म्हणून खाली फळी टाकली. मी खुर्चीत ताठ बसले, हात पुढे धरले. चाचा भिंतीवर कोळशानं खुणा करत होते. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "भाभी, जमीन इथूनच धरू ना?"

आईनं सतरंजीवर टाच आपटली. "मंग काय पाताळातून धरता?"

बाबा होते, मी होते, नागपूरला शिकलेली, मापाचंच काम करणारी. कोणाच्या डोक्यात काही आलं नाही.

आणि मग ते टेबल उभं राहिलं! काय सांगू! अँगलला ट्रकचा लाल रंग. बाजूच्या मॉनिटरांना ट्रकच्या फाळक्याच्या बिजागऱ्या, म्हणजे हवे तसे आत-बाहेर वळायचे. मी म्हटलं, "चाचा, दाराकडे माझी पाठ होते, कोण आलं कळत नाही." दुसऱ्या दिवशी पठ्ठ्यानं ट्रकचा आरसा आणून डाव्या कोपऱ्यात ठोकला. गावातली कोणतीही बाई चौकशीला येऊन दारात थबकली की मी मागं न पाहता म्हणायची, "या ना काकू." बायका दचकायच्या. भल्ली मजा यायची!

पहिल्यांदा तिन्ही पडदे एकदम लागले तेव्हा मी टाळ्या पिटल्या. माऊसचा बाण डाव्या पडद्यातून निघाला, मधल्यात शिरला, उजव्यात जाऊन थांबला. आईला तीनदा दाखवला. चौथ्यांदा ती म्हणाली, "पाह्यलं ना माय, भाजी करपून राह्यली."

पण टेबल म्हणजे एकदा केलं आणि झालं असं नसतं. मान दुखली, तर बाजूचे मॉनिटर जवळ ओढले. वायरींचा गुंता झाला, तर फळीच्या मागं सुतळीनं बांधून काढला. लाइट सारखी जायची, तर इन्व्हर्टर आला, आणि तो त्या दोन पोटवाल्यांनी सपाट्यात रिकामा केला. मग लाइट गेली की फक्त मधला चालू ठेवायचा, असा नियम केला. सगळ्यात छळलं ते कापसानं. त्या जुन्या मॉनिटरांची काच कापसाचे तंतू ओढून घ्यायची. सकाळी पाहावं तर दोघांना पांढरी दाढी! बाबा जाता जाता म्हणायचे, "तुह्या म्हाताऱ्याईची हजामत कर." कॉम्प्युटरच्या पंख्यातही तंतू जायला लागले, तेव्हा आईनं तिच्या विरलेल्या लुगड्याची जाळीसारखी पट्टी शिवून दिली. ती दर दोन दिवसांनी झटकायची. मी रोज काहीतरी सरकवत होते, बांधत होते, आणि दुरून पाहून स्वतःवरच खूश होत होते.

पहिली खेप झाली. सीडी नागपूरच्या बसच्या ड्रायव्हरकडे दिली. फोन आला, काम पसंत आहे, साहेब पुढच्या आठवड्यात जागा पाहायला येतील. मी अंगणात उडी मारली, खरोखरची.

आणि त्याच आठवड्यात कापसाचा भाव थोडा वर हलला. बाबांनी दोन दिवस विचार केला आणि मेटाडोर बोलावला. मी मॉनिटर चादरींनी झाकले. तंतूंनी मला खोकल्याची उबळ यायची, म्हणून आईनं मला शेजारी पिटाळलं. दिवसभर कापूस निघत होता. संध्याकाळी गाडी जिनिंगकडे गेली आणि मी धावत घरी आले. उंबरठा ओलांडला, सवयीनं पाय वर टाकला, आणि धाडकन तोंडावर आपटले.

खाली जमीन होती. खरी, सारवलेली, कित्येक वर्षांत कोणी न पाहिलेली जमीन. आईला तिथं हरवलेली पळी सापडली होती, ती त्यातच खूश. मी गुडघा चोळत वर पाहिलं. माझं टेबल छातीच्या उंचीवर लटकत होतं. मॉनिटर तर डोक्याच्याही वर, देव्हाऱ्यातल्या देवासारखे.

"माय वो!" एवढंच निघालं तोंडातून.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा आले आणि दारातच पोट धरून खाली बसले. हसू थांबेचना. "भाभी, मै पूछ्या था ना! जमीन इथूनच का?"

"मले काय माहीत थे जमीन विकाची हाय म्हणून!" आई म्हणाली.

मी तडकले. "हसता काय सगळे? परवा साहेब येऊन राह्यला!" उंच स्टूल आणला, तर पाय झोक्यावर बसल्यासारखे लोंबायला लागले आणि हात फळीपर्यंत ताणून अवघडले. गव्हाच्या पोत्यांवर खुर्ची ठेवली, तर मी खुर्चीसकट घसरले. चाचांनी अँगल हलवून पाहिला. तो कसला हलतो! "बेटा, हे ट्रकचं काम हाय. याले काढाचं म्हणशीन तं भीत येईन सोबत. मातीतल्या इटा हायेत. मंग कॉम्प्युटर अंगणात लाव."

मला रडायलाच आलं. सगळं जमलं होतं, आणि टेबलापर्यंत माझे हातच पोचत नव्हते. साहेब हे ध्यान पाहून काय म्हणेल? मला पुण्याची ती खोली दिसायला लागली.

बाबा उंबरठ्यावर बसून सगळा तमाशा पाहत होते. आता उठले, टोपी झटकली.

"टेबल खाली येत नाही, तं जमीन वर येईन," म्हणाले आणि बैल जुंपायला गेले.

त्या दिवशी किती बैलबंड्या भरून मुरूम आला, मी मोजलं नाही. बाबा आणि चाचांनी आधी दगडाचा काठ लावला, मग मुरूम टाकला, पाणी मारलं आणि धुम्मस घेऊन चोपायला सुरुवात केली. धप, धप, घर हादरत होतं. मी पाणी शिंपडत होते आणि मध्ये मध्ये खुर्ची ठेवून माप पाहत होते. अजून चार बोटं, बाबा! अजून दोन! आईनं वरून शेणामातीचा हात फिरवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बसले, तर कोपर बरोबर फळीवर. मी ओरडले, "जमलं! जमलं!"

पण बाबांनी काठाचे दगड सिमेंटात बसवले होते. मला ते खटकलं. "बाबा, इतकं पक्कं कायले करता? दिवाळीले उकरून काढा लागीन ना?"

"पाणी मार तिकडे," एवढंच म्हणाले.

साहेब आला. बिचाऱ्यानं त्या नव्या जमिनीवर जपून पाय ठेवला, आरशात स्वतःला पाहून भांग नीट केला आणि माझ्या खुर्चीत बसला. डावा पडदा, मधला, उजवा. बाण इकडून तिकडे फिरवून पाहिला. बिजागऱ्या हलवून पाहिल्या आणि हसला. मी मागं उभी, माझी जीभ थांबेना. हे असं वळतं, हे असं बांधलंय, लाइट गेली तर असं. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"काम चांगलं आहे, मॅडम. जागाही छान केली. पण हे दोन-तीन वर्षांचं काम आहे. मध्येच जागा गेली तर आमची पंचाईत होईल. ही खोली कायम राहील ना?"

काय सांगू? दिवाळीपर्यंत, म्हणू? खोटं बोलू? मी खाली पाहिलं. आईनं बाबांकडे पाहिलं.

"खोली तिची हाय," बाबा म्हणाले.

"पण गावात म्हणत होते, इथं तुमचा कापूस असतो."

"कापूस ओसरीत ठेवीन."

"पावसानं भिजेल ना हो."

"भिजला तं भिजला." बाबांनी टोपी काढली, हातात फिरवली, पुन्हा घातली. "कापूस दरसाल येते, साहेब. पोरगी एक खेप गावातून गेली का मंग पाहुनीच बनून येते. हे आमची वापस आली हाय. राहू द्या तिले."

साहेब म्हणाला, "बरं, मग सोमवारपासून सीडी पाठवतो." मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि भोकाडच पसरलं.